सैल नट

नट बोटानंच फिरला. पाना लावायची गरजही पडली नाही.

गुणवंतराव इंजिनावर वाकले होते, ते तसेच राहिले. मागे ट्रकचा मालक प्रणित ड्रायव्हर मिथुनला वाट्टेल ते बोलत होता. एटापल्लीच्या रस्त्यावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा तुटला होता. इंजिन जागीच बसलं आणि गाडी राजुऱ्याला गुणवंतरावांच्या गॅरेजपर्यंत ओढत आणावी लागली होती.

सूरजागडच्या खाणीच्या चढावर भरली गाडी दम टाकते, म्हणून दीड महिन्यापूर्वी गुणवंतरावांनीच टर्बोच्या नळीत पितळी व्हॉल्व्ह बसवला होता. त्याचा पेच सैल केला की टर्बोची हवा वाढते, गाडी जोरात ओढते. प्रमाणाबाहेर सैल केला तर टर्बो जातो. त्यांनी मीटर लावलं, स्वतः गाडी पळवून पाहिली, पाव-पाव फेरा देत पेच जागेवर आणला. पेच हलू नये म्हणून वरचा नट आवळायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला. उर्वशीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हात पुसत ते पेढे आणायला धावले. परतल्यावर बॉनेट लावलं आणि चावी मिथुनच्या हातात दिली.

दीड महिन्याच्या हादऱ्यांनी तो पेच आपसूक उलगडत गेला होता. प्रणितला मात्र वाटत होतं, खेप लवकर मारायला मिथुननंच तो सैल केला.

"मले काऊन जल्दी राहीन, मालक?" मिथुन म्हणत होता. "म्या त्या पेचाले हात नाई लावला. लेकराची आन."

"मंग का भुतानं सैल केला?" प्रणित गुणवंतरावांकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा. थो पेच आपोआप सैल होते का?"

तीस वर्षं राजुऱ्यात लोक त्यांना विचारून गाड्या घेत होते. गुणवंतरावांनी बोटांचं काळं तेल फडक्याला पुसलं. पुसतच राहिले.

"नट आवळला असला तं नाई होत," ते म्हणाले.

शब्दान् शब्द खरा होता. प्रणितनं त्यातून हवं ते ऐकलं. मिथुननं खिशातली चावी काढून बाकावर ठेवली आणि पायीच निघून गेला.

चार दिवस गुणवंतरावांना जेवण गेलं नाही. पाचव्या सकाळी मोटरसायकल काढून ते मिथुनच्या गावी गेले. त्याच्यापुढे चूक कबूल करायची, त्याला मागं बसवून सरळ प्रणितच्या दारात न्यायचं, असं वाटेत पक्कं ठरवलं होतं.

तलावाच्या पाळीवर मिथुनची बायको कुंता जाळं वाळत घालत होती. त्यांना पाहून तिनं पदर सावरला, लगबगीनं घरातून खाट आणून टाकली.

"ते नाईत जी. काल गेले तेलंगणात, मिरची तोडाले."

"मिरची तोडाले? एवढा चांगला ड्रायव्हर! दुसरी गाडी काऊन नाई धरली?"

"आता गाडीले हातच लावत नाई म्हणते." कुंतानं जाळ्याची गाठ उगाच ओढली. "रातभर इचार करत बसले होते. 'म्याच कधी फिरवला असंन थो पेच, मलेच याद नसंन,' म्हणे. 'गुणवंतभाऊ खोटं बोलाचे नाई.'"