होडीची ओटी

गोटीरामशेठने फीत लावून होडी दुसऱ्यांदा मोजली. ती त्याच्या नव्या हॉटेलच्या दारात ठेवायची होती. आत माती भरून जास्वंद लावायची, कडेने रंगीत दिवे सोडायचे, असा बेत होता. करावे गावात आता रविवारी मासळीपेक्षा माणसंच जास्त येत, आणि माणसांना होडीजवळ उभं राहून फोटो काढायचा असतो.

चांगुणाबाई खाडीच्या काठावर बसून बघत होती. होडी तिची. पोरं रबाळ्याच्या कारखान्यात लागली, तशी दोन वर्षं होडी पाण्यात गेली नव्हती. तिने शेठला शब्द दिला होता आणि आता पस्तावत होती. पण नाही म्हणायला कारण तरी हवं ना! होडीवर जीव आहे, हे काही व्यवहारात कारण होत नाही.

"टेम्पो पाचला येतोय, मावशी," शेठ म्हणाला. "टेन्शन घेऊ नका."

तेवढ्यात वाशीच्या बाजारातला माथाडी सयाजी आपल्या आईला घेऊन आला. रंगूबाई साताऱ्याकडची. सयाजीचा खांदा पोत्याखाली दुखावला, तेव्हा तिने गावाहूनच नवस बोलला होता: खांदा बरा होऊ दे, दर्याची ओटी भरीन. खांदा बरा झाला. आज ती खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या घेऊन आली, आणि बघते तर समोर नुसता चिखल.

"आरं, समुद्र कुठं गेला?"

सयाजी ओशाळला. ओहोटीचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कृष्णामाई काही भर दुपारी उठून कुठे जात नाही.

चांगुणाबाई खळखळून हसली. "येईल सांजला. पन बाय, दर्या बाप्या हाय. त्याला नारल देतात. त्याची ओटी कोन भरतं?"

रंगूबाईचा चेहरा उतरला. "आमच्याकडं नदीची भरत्यात. आता नवसाचं काय करू?"

चांगुणाबाईने होडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्याची बायको चालंल काय? ही बघ. माहेर आमचं, पन नांदते त्याच्याकडं."

रंगूबाईला तेवढं पुरे झालं. तिने होडीचं तोंड पाण्याने धुतलं, हळदकुंकू लावलं, खण पसरला आणि पाच ओंजळी तांदूळ घालून ओटी भरली. शेठ भाविक माणूस. त्यानेही चपला काढून हात जोडले. मायलेकरं समाधानाने परतली.

पाचला टेम्पो आला. चिखलावर भरतीचं पाणी चढत होतं. माणसं दोर बांधायला पुढे झाली, तशी चांगुणाबाई होडीला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, शब्द दिलाय तुम्ही."

"दिलता," चांगुणाबाई म्हणाली. "पन शेठ, तुज्यासमोर ओटी भरली तिची. आता ती सासरी जाईल, का तुज्या हाटेलात?"