मागची निळी गाडी

बायको मोटरसायकल चालवण्याच्या वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करतेय. पुढे ती, मागे दुसऱ्या मोटरसायकलवर तिचे सर. रस्त्यावर जे जे दिसेल ते हेल्मेटमधल्या माइकवर सरांना बोलून दाखवायचं, असा सराव. तिकडे तासन्‌तास बडबड आणि घरी माझ्याशी नुसतं "हं". जेवतानाही सर असे म्हणाले नि सर तसे म्हणाले! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी काल मेव्हण्याची निळी गाडी मागून घेतली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि दोघांच्या मागे लागलो.

संध्याकाळी ती हसतच घरात शिरली. "सर जाम खूश! म्हणाले, आरशावर इतकं लक्ष ठेवणारं मी आजवर कुणी पाहिलं नाही. पास होणारच तुम्ही."

"असं काय बोललीस गं त्यांच्याशी?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

हेल्मेट खुंटीला अडकवत तिने माइकवरच्या सरावाच्या सुरात म्हणून दाखवलं,

"तुमच्या मागे निळी गाडी. अंतर फार कमी. गाडी माझ्या भावाची, चालवणारा माझा नवरा. काळजी नको सर, ओव्हरटेक करण्यातला नाही तो."