प्रत घेता आली नाही

"परत अडकलं," ओरेस्ट फोनवर म्हणाला.

"पडद्यावर काय आलंय, बाबा?" हॅलिफॅक्सहून लारिसाने विचारलं.

त्याने चष्मा नीट बसवला आणि वाचलं.

*प्रत घेता आली नाही. नेटवर्क डिस्कवर जागा अपुरी.*

"म्हणजे मागच्या शनिवारचंच."

"त्याच्या मागच्याही."

यॉर्कटनच्या त्याच्या घरात फोनवर बोलणं हे त्याच्या बायकोचं, स्टेफनीचं काम होतं. ओरेस्टने चुकून उचललाच तर लेकीला म्हणायचा, "थांब हं, आईला देतो." स्टेफनी जाऊन दीड वर्ष झालं. अडतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला हा माणूस कामाशिवाय कुणाला फोन करत नसे. लारिसाने केला तर म्हणायचा, "सगळं ठीक. तुझं? बरं. ठेवतो."

चाळीस सेकंद.

नाताळात येऊन लारिसाने ती डिस्क बसवली. आईचे तीस वर्षांचे फोटो, चर्चमधल्या गाण्यांची रेकॉर्डिंगं, कॉम्प्युटरवरचं सगळं दर शनिवारी आपोआप तिच्यावर उतरायचं होतं. लारिसाला फोन केल्याशिवाय एकाही शनिवारी ते धड झालं नाही.

"सगळ्यात मोठ्या फाइली वाचून दाखव. काय उडवता येतंय बघू."

"गुड स्पिरिट तळं, मार्च. बर्फातली मासेमारी. अर्धा तास नुसतं बर्फातलं भोक दिसतंय."

"उडव की मग."

"मागून तुझी आई बोलतेय."

लारिसाने फोन कानाशी दाबला.

"काय म्हणतेय?"

"मला झापतेय. थर्मास घरीच विसरला म्हणून. विसरली होती तीच."

लारिसा हसली. हसता हसता तिने नाक ओढलं.

"राहू दे ती. पुढची वाच."

*लग्न, केनोरा.* राहू दे.

*स्वयंपाक: पेरोगी, स्टेफनीची पद्धत.* राहू दे.

*नाव नाही.* "हे काय आहे?" "थांब, लावतो... तू आहेस. सायकलवरून पडतेयस." राहू दे.

तास उलटून गेला. एकही फाइल उडाली नव्हती.

"शेजारचा डग म्हणतो, मोठी डिस्क घेऊन टाक."

"नको!" लारिसा जरा जोरातच म्हणाली. मग सावरून, "डिस्क रग्गड मोठी आहे, बाबा. तिच्यावर प्रत्येकाच्या नावापुढे ठरावीक जागा लिहिलेली असते, ती संपते. मी इथून वाढवते."

"मग आधीच का नाही वाढवलीस?"

"आधी साफसफाई करावी म्हणतात."

"तुला वाटत असेल, म्हातारा मुद्दाम बिघडवतोय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"लोकांच्या तुटलेल्या लाइनी जोडण्यात जन्म गेला माझा. चालू लाइन मी तोडेन होय?"

"नाही रे बाबा. तू नाही तोडणार."

*प्रत पूर्ण झाली.*

"झालं," ओरेस्ट म्हणाला. "बरं. ठेवतो."

"पुढच्या शनिवारी फोन करशील ना?"

"अडलं तर करीन. उगाच कशाला तुझा वेळ खायचा?"

फोन बंद झाला. लारिसाने लॅपटॉप जवळ ओढला, वडिलांच्या डिस्कचं पान उघडलं, 'ओरेस्ट' या नावापुढचा नुकताच वाढवलेला आकडा खोडला आणि पुढच्या शनिवारी पुरणार नाही इतका लहान आकडा तिथे पुन्हा लिहिला.