मेव्हण्याच्या बोयाखाली

पिशवी त्याचीच होती. निळ्या सुतळीची ती गाठ बायकोच्या, रोसाउराच्या हातची. अम्ब्रोसियोने होडीतून शेजारची दोरी ओढली. तिच्या टोकालाही तसलीच जाळीची पिशवी, शिंपल्यांनी गच्च भरलेली. पाण्यावर डुलणारा खुणेचा बोया मात्र मेव्हण्याचा, निकोलासचा.

सेचुराच्या खाडीत दोघांची शिंपल्यांची शेतं शेजारी शेजारी. हद्दीवरून भांडण झालं तेव्हापासून बोलणं बंद. सणाला मेव्हण्याने पाठवलेली मक्याची दारू, चिचा, अम्ब्रोसियोने दारातच ओतली होती. "माझ्या एका शिंपलीला हात लावलास तर हात तोडीन," असं भर धक्क्यावर सुनावलंही होतं. मग अम्ब्रोसियोचाच कान फुटला आणि डॉक्टरांनी बुडी मारायला बंदी घातली. वर्षभराचं पीक समुद्राच्या तळाशी, आणि मालक राखण करणार होडीत बसून!

संशय यायला कारणं कमी नव्हती. परसातल्या रिकाम्या जाळीच्या पिशव्या कमी झाल्या, तर रोसाउरा म्हणाली, "उंदरांनी कुरतडल्या, दिल्या फेकून." निकोलासची होडी पहाटे हद्दीपाशी दिसायची. परवा तर तो धक्क्यावर आपणहून बोलायला आला.

"दाजी, यंदा दक्षिणेचा वारा पडलाय. वरचं पाणी कोमट झालंय, खालचं हलतच नाही. कुणाला तरी खाली उतरवून बघा एकदा."

"माझ्या कानावरून टोमणे मारतोस होय रे, चोरा?"

आता पुरावा हातात होता. बहीण-भाऊ मिळून त्याचं घर धुऊन नेत होते. रोसाउराच्या गाठीकडे बघून त्याला रडूच फुटलं, पण सुरी थांबली नाही. एकेक दोरी कापून त्याने सगळ्या पिशव्या होडीत घेतल्या. शिंपल्या अजून लहान होत्या, वाढ व्हायची होती. आपल्या शेताच्या मधोमध होडी नेऊन नांगर टाकला आणि एकेक पिशवी पाण्यात सोडली.

"जा, आपल्या जागेवर जा," तो म्हणाला. शेवटची पिशवी दिसेनाशी झाली तेव्हा कुठे त्याचा जीव थंडावला.

मग त्याने नांगर ओढला. नांगराबरोबर काळा चिखल वर आला, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा. चिखलात शिंपल्या होत्या. त्याने बोटांनी चाचपून पाहिल्या. सगळ्या उघड्या होत्या, आणि आतून रिकाम्या.

लांबून एक होडी घाईघाईने येत होती. तिच्यात उभा राहून निकोलास हात हलवत ओरडत होता.

"दाजी, ताईला काही बोलू नका! खाली जिवंत सापडल्या तेवढ्या तुमच्या शिंपल्या मी वरच्या पाण्यात टांगून ठेवल्यात!"