अरेबिकाचा पहिला बहर

मुलुंडच्या उकाड्यात अरेबिका कॉफी? सगळे हसले होते. तरी श्यामसुंदरांनी बाल्कनीतलं ते झाड चार वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं, आणि आज सकाळी फांद्या पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरल्या! बायको क्षमा अंघोळीला गेली होती. तिच्यासाठी थांबायलाही धीर नव्हता. ते बनियनवरच खाली धावले.

"चला रे, फुललं! जेवढी फुलं तेवढी फळं! यंदा घरची कॉफी पाजतो सगळ्यांना!"

मॉर्निंग वॉकची अख्खी गँग घेऊन ते वर आले. झाडावर नुसती पानं.

देवघरातून मोगऱ्यासारखा घमघमाट येत होता. गणपती पांढऱ्या फुलांत बुडाला होता आणि क्षमा डोळे मिटून विनवत होती, "यांच्या झाडाला यंदा तरी फळ धरू दे रे, बाप्पा!"