दोन अंशांवर

"खुशाल ओढ. माझ्या हातचं कापड आहे, तुटायचं नाही," म्हातारा विणकर म्हणाला.

लेक बर्फात गुडघे टेकून बसली. प्रयोगासाठी तिनंच बापाकडून सुती पट्ट्या विणून घेतल्या होत्या आणि तीन महिन्यांपूर्वी इथे, झाडांखालच्या मातीत पुरल्या होत्या. वर वीतभर बर्फ साचलं होतं. पट्ट्या अख्ख्या निघाल्या, तर तिच्या तीन वर्षांच्या संशोधनावर पाणी पडणार होतं. प्रयोगशाळेतले वरिष्ठ तर सांगून मोकळे झाले होते : एवढ्या थंडीत मातीत काही म्हणता काही चालत नाही.

तिनं बर्फ सारलं. मातीत खोचलेला तापमापक पाहिला. दोन अंश.

आधी एक बंद डबा निघाला. त्यातली माती पुरण्याआधी वाफेनं निर्जंतुक केलेली होती. बापानं आतली पट्टी दोन्ही हातांनी ताणली. नवी कोरी!

"बघ! काय सांगत होतो?"

"ती तशीच राहायला हवी होती, बाबा. खरी परीक्षा हिची." तिनं उघड्या मातीतली पट्टी चिमट्यात धरली आणि अलगद उचलली.

पट्टी वर आलीच नाही. चिमट्यात नखाएवढा तुकडा आला. बाकी खाली ना ताणा, ना बाणा. नुसता ओला लगदा, आणि त्यावर केसाहून बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं.

बाप वाकून बघत राहिला. "कुणी केलं हे?"

"बुरशीनं." तिनं पांढऱ्या तंतूंकडे बोट केलं. "ती एक रस सोडते. आम्ही त्याला विकर म्हणतो. बाकीच्यांची विकरं गारठ्यात आखडतात, हिची आखडत नाहीत. धागा तोडत तोडत त्याची साखर करतात."

"माझ्या कापडाची साखर?"

तिनं मान डोलावली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

म्हाताऱ्यानं हातमोजा काढला. उघड्या मातीवर तळवा टेकला आणि तसाच बसून राहिला.

"बाबा, बोटं बधिर होतील."

त्यानं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"एवढा कारखाना चालू आहे," तो म्हणाला, "आणि आवाज नाही गं."

जन्मभर मागांच्या खडखडाटावर ओरडून बोलत आलेला माणूस कुजबुजत होता.