लच्छूच्या घरचा मोहा

उद्या दुपारच्या जंगल सफारीची जिप्सी पक्की झाली होती. आता फक्त वाघीण पक्की व्हायची होती, आणि नाशिकचे साहेब त्यासाठी सकाळपासून फोन धरून बसले होते. घरची सहा माणसं, त्यात पहिल्यांदाच जंगल पाहणारी दोन नातवंडं. टोप्या कोणत्या रंगाच्या घ्यायच्या इथपर्यंत विचारून झालं. मग साहेबांनी मुद्द्याला हात घातला. दिसेल ना?

अजय गालात हसला. आठ वर्षं व्याघ्र प्रकल्पाच्या बफरच्या गेटवर गाईड होता तो. वाघीण दिसली की पाहुणे आणखी चार पाहुणे धाडतात, नाही दिसली की गाईड नालायक ठरतो.

"साहेब, डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याला लागून एक मोठा मोहा आहे. चार दिवस झाले, दुपारच्या फेरीला ती तिथंच बसलेली असते."

ही गोष्ट त्याने गावात कुणाला सांगितली नव्हती. घरीही नाही. गावाने डबे बडवून तिला डोंगरापार हाकललं असतं, आणि वनखात्याने तो रस्ताच बंद केला असता. मोहफुलं वेचायचे दिवस होते. अर्धं गाव पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात असायचं. हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण त्याने सगळा विचार केला होता. मोहाची झाडं बापजाद्यांपासून घरागणिक वाटलेली. दुसऱ्याच्या झाडाखालच्या फुलाला कुणी बोट लावत नाही. नाल्याजवळचा मोहा लच्छूचा, आणि लच्छू बायको धुरपताला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. अजयच्या घरचा मोहा गावाच्या दुसऱ्या अंगाला, शाळेमागे. त्याची आई सुगंधाबाई तिथे वेचायची. लच्छूच्या झाडाखाली कोण मरायला जातंय, असं अजयने स्वतःला समजावलं होतं.

साहेबांची शंका फिटेना. रोज एकाच जागी ती कशी राहील?

"सावली आहे, पाणी आहे," अजय म्हणाला. "आणि एकदा का शिकार साधली, की मग दोन-तीन दिवस ती जागा सोडत नाही."

तेवढ्यात त्याची बायको मयुरी दारात आली. साडेनऊ वाजून गेले तरी आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पत्ता नाही, रोज आठला घरी असतात, म्हणाली. अजयने फोनवर हात ठेवला. शाळेमागे कुणाशी तरी बोलत बसली असेल, एक चक्कर मारून ये, असं त्याने सांगितलं.

"शाळेमागं नाई गेल्या त्या. परवा धुरपताबाईचा फोन आल्ता. आमचा मोहा सडून राह्यला, तुमीच वेचा म्हणे. कालपासून आत्याबाई तिथीच जाऊन राह्यल्या."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"त्यात सांगाचं काय होतं?"

आईला त्याने एक शब्द सांगितला असता तर ती तिकडे फिरकली नसती. फोनवरचा हात कधी सुटला, त्याला कळलं नाही. साहेबांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"हॅलो, अजय? म्हणजे उद्यापर्यंत तरी ती तिथून हलणार नाही ना?"